निलंबन खालच्यांचे, रिक्त पदे वरच्यांची

सरकारी दवाखान्यात बाळंतीण दगावली की पुढचे सगळे ठरल्यासारखे होते. नातेवाईक मृतदेह ताब्यात घ्यायला नकार देतात. स्थानिक पुढारी येऊन डॉक्टरांना फैलावर घेतात. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती जाहीर होते आणि आठवडाभरात एखादी आरोग्यसेविका निलंबित होते किंवा एखादा कंत्राटी वैद्यकीय अधिकारी घरी बसतो. 'दोषींवर कारवाई' झाली, विषय संपला. त्या समितीने काय लिहिले हे मेलेल्या बाईच्या कुटुंबालाही सहसा कळत नाही. त्या रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद कधीपासून रिकामे होते, ते भरण्याचा प्रस्ताव कुणाच्या टेबलावर पडून होता, रक्त साठवण्याची सोय का नव्हती, हे प्रश्न तर समितीच्या कार्यकक्षेतच नसतात.

सार्वजनिक आरोग्यसेवेत आपण जबाबदारी चुकीच्या टोकाला शोधतो, असे माझे म्हणणे आहे. पैसा, पदे आणि खरेदी यांचे अधिकार मुंबईत आणि दिल्लीत. उत्तर मात्र तालुक्याच्या नर्सबाईने द्यायचे. चौकशी जोवर दवाखान्याच्या फाटकाशी थांबते आणि मंत्रालयापर्यंत चढत नाही, तोवर नव्या योजनेचे फलक कितीही लावा, रात्री दोन वाजता कळा सुरू झालेल्या बाईच्या वाट्याला काय येणार हे नशिबावरच राहील.

आधी जे कमावले ते मान्य करायला हवे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू भारतात ९७, महाराष्ट्रात ३३ होते. केरळ १९ वर, आसाम १९५ वर. २०३० पर्यंत जगाने ७० च्या खाली यावे असे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र ते केव्हाच ओलांडून गेला. घरी होणारी बाळंतपणे जवळपास संपली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातली सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाल्याचे दिसले. यामागे २००५ ची जननी सुरक्षा योजना आहे, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आहेत, रस्ते आहेत, मुलींचे शिक्षणही आहे. 'सरकारी म्हणजे सगळे वाईट' असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

पण हा ३३ सगळ्या राज्याचा मिळून आहे. या पाहणीचा नमुना एवढा मोठा नसतो की तिच्यातून जिल्हानिहाय मातामृत्यू दर काढता यावा. त्यामुळे धडगाव-अक्कलकुवा, भामरागड, धारणी-चिखलदरा या दुर्गम आदिवासी तालुक्यांत काय चालले आहे ते पुण्या-मुंबईच्या आकड्यांत विरघळून जाते. पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीत घालून डोंगर उतरवल्याची बातमी दर वर्षी येते. त्या बातमीचा आणि ३३ या आकड्याचा एकमेकांशी संबंध लावणारे कोष्टक कुठल्याही अधिवेशनात कुणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. बाळंतपण घरी होत असे तेव्हा दोष सुईणीचा, सासूचा, अज्ञानाचा असे म्हणून सरकारला हात झटकता येत होते. आता सरकारनेच सांगितले आहे की घरी बाळंत होऊ नका, आमच्याकडे या. आणायला आशाताई नेमली, तिला त्यासाठी मोबदला ठरवला, बाळंतिणीला अनुदान दिले, भिंती रंगवल्या. बोलावून आणलेल्या बाईला आत काय मिळते याची जबाबदारी बोलावणाऱ्याचीच असते. घराचा उंबरठा ओलांडायला लावण्याचे श्रेय शासन घेते, मग आत ऑपरेशन थिएटरमधला दिवा बंद होता हे सांगताना ते तालुक्याच्या डॉक्टरकडे बोट कसे दाखवते?

दिव्याची गोष्ट निघालीच आहे. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत भांडुपच्या महापालिका प्रसूतिगृहात बाळंतपणासाठी गेलेल्या एका बाईचे आणि तिच्या बाळाचे निधन झाले. वीज गेली होती आणि सिझेरियन मोबाइलच्या उजेडात झाले, असा नातेवाइकांचा आरोप होता. ही महापालिका कुठली, तर जिचा त्या वर्षीचा अर्थसंकल्प सुमारे ६० हजार कोटी रुपयांचा होता. दुर्गमता, गरिबी, डोंगर, नदी यांतले एकही कारण तिथे पुढे करता येत नव्हते. म्हणून ते प्रकरण मला मेळघाटातल्या बातम्यांपेक्षाही अस्वस्थ करणारे वाटते. पैसा असणे आणि तो जनरेटरपर्यंत पोचणे यांच्यामध्ये काहीतरी बिघडलेले आहे.

ते काय बिघडले आहे हे पाहायला एकच प्रसंग धरू. बाळंतपणानंतरचा अतिरिक्त रक्तस्राव हे मातामृत्यूचे जुने आणि अजूनही प्रमुख कारण. तो जोरात सुरू झाला आणि उपचार मिळाले नाहीत तर दोन-एक तासांत बाई हातची जाऊ शकते. पहिला उपचार म्हणजे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन. स्वस्त, साधे, कुठल्याही सिस्टरला देता येणारे. मात्र ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावे लागते. उन्हात किंवा बंद पडलेल्या फ्रिजमध्ये राहिले तर त्याची ताकद उतरते आणि बाटलीकडे पाहून ते कळत नाही. म्हणजे चालू फ्रिज हवा, वीज हवी, वीज गेली तर इन्व्हर्टर हवा, आणि इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला निधी हवा. एवढ्याने भागले नाही तर रक्त लागते. रक्तासाठी परवाना असलेले साठवण केंद्र, तंत्रज्ञ, जवळची रक्तपेढी. तरीही थांबले नाही तर शस्त्रक्रिया: शल्यक्रिया करू शकणारा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूल देणारा डॉक्टर, दोघेही एकाच वेळी, एकाच इमारतीत. ते नसतील तर गाडी, ड्रायव्हर, डिझेल आणि जाण्याजोगा रस्ता.

आता या साखळीचे मालक मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षण विभागाचे. शहरातले प्रसूतिगृह महापालिकेचे. रस्ता सार्वजनिक बांधकामचा किंवा पुन्हा जिल्हा परिषदेचा. गरोदरपणातला आहार अंगणवाडीतून, म्हणजे महिला व बालविकासकडून. आदिवासी पाड्यावर असाल तर त्यात आदिवासी विकास विभागही आला. बाई एकच, तिचे रक्त एकच, पण ते ज्या ज्या टप्प्यावर वाहिले तो टप्पा वेगळ्या खात्याचा. सगळ्या खात्यांच्या वतीने उत्तर देईल असा माणूस जिल्ह्यात कागदावर आहे, जिल्हाधिकारी. त्याच्याकडे भूलतज्ज्ञाचे कायम पद भरण्याचा अधिकार नाही.

यातूनच 'रेफर'ची संस्कृती जन्मली. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक ठिकाणी केसपेपर, प्रत्येक ठिकाणी 'पुढे न्या'. बरेचदा रेफर करणाऱ्या डॉक्टरचा नाइलाज खरा असतो. पण अनेकदा त्यामागे आणखी एक हिशेब असतो: मृत्यूची नोंद जिथे झाली तिथल्या माणसांची चौकशी होते, आधीच्यांची होत नाही. आपल्या रजिस्टरवर मृत्यू नको म्हणून पेशंट पुढे सरकवणे ही शिक्षेच्या भीतीने शिकवलेली युक्ती आहे. शेवटचे रुग्णालय म्हणते, आमच्याकडे आली तेव्हा हाताबाहेर गेली होती. तेही खोटे नसते.

नांदेडला २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात होते. औषधांच्या तुटवड्याची आणि मनुष्यबळाची चर्चा सुरू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण राज्याच्या स्मरणात राहिलेले दृश्य वेगळेच होते: एका खासदाराने प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना शौचालय साफ करायला लावले आणि त्याचे चित्रीकरण झाले. सत्ताधारी बाजूच्या लोकप्रतिनिधीला जाब विचारायला मंत्रिमंडळ सापडले नाही, अधिष्ठाता सापडले! उत्तरदायित्व म्हणजे काय याची आपल्या राजकारणाची समज त्या एका दृश्यात पुरेपूर आहे. अपमान जितका जाहीर तितकी कारवाई कडक, असा तो समज.

तेव्हा औषधखरेदीची अवस्था काय होती तेही पाहू. तोवर काही वर्षे ही खरेदी हाफकिनच्या महामंडळामार्फत होत होती आणि वेळेवर औषधे येत नाहीत ही रुग्णालयांची कायमची तक्रार होती. २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. पण प्राधिकरणाला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमा, हे सांगण्याची वेळ नांदेडनंतर उच्च न्यायालयावर आली. तमिळनाडूने अशा कामासाठी महामंडळ १९९४ मध्ये उभारले. आपण जवळजवळ तीन दशकांनी त्या वाटेवर आलो आणि आल्यावरही खुर्ची रिकामी ठेवली. ही खुर्ची रिकामी ठेवणाऱ्याचे नाव कुठल्याही चौकशी अहवालात आले नाही.

पैशाकडे वळू. इथे दोन थर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत: बाईच्या हातात पडायचा पैसा, आणि व्यवस्थेला मिळायचा पैसा.

पहिल्याबाबत संसदेने स्वतः कायदा केला आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३, कलम ४. सरकारी नोकरीतल्या किंवा असाच लाभ मिळणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपये मातृत्वलाभ मिळेल, असे त्यात आहे. 'किमान' असे आहे आणि 'पहिल्या अपत्यासाठी' असे कुठेही नाही. अंमलबजावणी चार वर्षांनी, २०१७ मध्ये, प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने झाली. रक्कम ५ हजार, तीही पहिल्या अपत्यापुरती. उरलेला हजार जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी ६ हजार होतात, असा खुलासा करण्यात आला. पुढे योजनेत सुधारणा झाली: दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६ हजार. म्हणजे दुसरा मुलगा झाला तर आईला काही नाही, तिसऱ्या खेपेला तर नाहीच. मुलीच्या जन्माचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला आहे, पण मातृत्वलाभ बाळाच्या लिंगावर ठरवायचा नसतो. तो आईला विश्रांती आणि पोषण मिळावे म्हणून असतो. तिसऱ्या-चौथ्या बाळंतपणात धोका वाढतो, आणि अशा बाया बहुधा सर्वांत गरीब घरांतल्या असतात. नेमक्या त्याच वगळल्या.

संसदेच्या कायद्यातला हक्क प्रशासनाने योजनेच्या नियमांत कापला आणि त्यासाठी कुणाला कुठे उत्तर द्यावे लागले नाही. एखाद्या तलाठ्याने सातबाऱ्यावर अशी खाडाखोड केली असती तर तो आत गेला असता.

जननी सुरक्षा योजनेचे दर तर बघा. महाराष्ट्रासारख्या 'चांगली कामगिरी' असलेल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला ग्रामीण भागात ७०० रुपये आणि शहरात ६००. वर्षानुवर्षे हेच. कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, आमदारांचे निवृत्तिवेतन वाढते, बाळंतिणीचे सातशे तसेच.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्ण मोफत केले: सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची गाडी. तरी २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतपणामागे घरच्यांच्या खिशातून सरासरी २,९१६ रुपये गेल्याचे दिसले. मोफत गोष्टीसाठी! हे पैसे कुठे जातात हे कुणालाही विचारा. 'ही औषधे बाहेरून आणा' ही चिठ्ठी. सोनोग्राफी खासगीत. गाडी आली नाही म्हणून जीप. आणि वॉर्डातले 'पेढ्यांचे' पैसे, जे मुलगा झाला की जास्त मागितले जातात. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला आपण पकडू शकतो, पण त्याच्या औषधभांडारात ते औषध कधीपासून नव्हते हे विचारले तरच खरा दोषी सापडेल. पेढ्यांच्या पैशांना मात्र माझ्याकडे कोणतीही सबब नाही. ती लाचच आहे.

व्यवस्थेच्या पैशाची कथा मोठ्या आकड्यांची आहे, पण सांगायला सोपी. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, करोनाच्या काळातला वाढीव खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. त्याच धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असेही होते; आपले राज्य त्यापासून दूर राहिले. धोरणाची मुदत उलटून गेली, तर कुणी येऊन सभागृहात सांगितले का, की हे ठरले होते आणि ते या कारणाने जमले नाही? धोरण हे वचन असते अशी आपल्याकडे समजूतच नाही.

वर मिळालेला पैसाही खर्च होत नाही. महालेखापालांच्या २०१७ च्या अहवालात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालचा राज्यांकडे पडून राहिलेला निधी २०१५-१६ अखेर साडेनऊ हजार कोटींच्या घरात असल्याचे आले होते. हे ऐकून अर्थखाते म्हणते, दिलेले खर्च करत नाही, वाढवून कशाला देऊ? आरोग्यखाते म्हणते, फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडलेला पैसा एकतीस तारखेपर्यंत कसा संपवू? दोघांचेही बरोबर, आणि म्हणूनच दोघेही सुटतात. २०१४ पासून अभियानाचा केंद्राचा पैसा आधी राज्याच्या तिजोरीत येतो, मग आरोग्य सोसायटीकडे, मग जिल्ह्याकडे, मग दवाखान्याकडे. प्रत्येक ठिकाणी तो किती दिवस थांबला याची नोंद संगणकात असते. ती नोंद लोकांसाठी खुली केली तर अर्धा वाद तिथेच मिटेल. तांत्रिक अडचण काही नाही.

पैसाच नाही, हे म्हणणे तर २०२४ नंतर कुणी करू नये. त्या वर्षी जूनच्या शेवटी लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि ऑगस्टच्या मध्यात दोन हप्ते बायकांच्या खात्यात होते. अर्ज, छाननी, आधार जोडणी, तिजोरीतून पैसा, सगळे दीड-दोन महिन्यांत. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. बाईच्या हातात रोख पैसा येणे ही चांगली गोष्ट आहे. पण महिना दीड हजार, म्हणजे वर्षाला अठरा हजार रुपये, कोट्यवधी बायकांना देण्याची क्षमता आणि गती ज्या शासनाकडे आहे, त्याला बाळंतपणाच्या पाच हजारांसाठी हप्ते आणि अटी लावाव्या लागतात, आणि भूलतज्ज्ञ भरायला वर्षे लागतात, ही ऐपतीची अडचण म्हणता येणार नाही. मातामृत्यू राज्यात वर्षाला शेकड्यांत होतात, लाखांत नाही. वेगवेगळ्या पाड्यांत, वस्त्यांत विखुरलेल्या, बहुतेक गरीब घरांतल्या या बाया. त्यांची मतपेढी होत नाही. म्हणून तिथे राजकारण आपोआप काही करणार नाही. कायद्यानेच करायला लावावे लागेल.

कायद्याची परिस्थिती मोठी गमतीची आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. त्याखाली अधिसूचित झालेला दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपील करता येते आणि संबंधित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रहिवासाचा दाखला उशिरा दिला म्हणून शिक्षा आहे. उपजिल्हा रुग्णालयात रात्री सिझेरियन होऊ शकले नाही याबद्दल अशी कुठलीही मुदत, अपील, दंड नाही. ग्राहक न्यायालयाचा रस्ताही बंद. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सर्वांना मोफत मिळणारी सरकारी रुग्णालयातली सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. केसपेपरची नाममात्र फी भरली म्हणूनही ती कक्षेत येत नाही. खासगी रुग्णालयात लाख रुपये मोजणारी बाई नुकसानभरपाई मागू शकते. जिच्याकडे मोजायला काहीच नव्हते तिच्या नवऱ्याने थेट उच्च न्यायालयात जायचे, रिट करायची.

आणि तिथे गेलेच तर तत्त्व त्याच्या बाजूचे आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराला अनेक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतले नाही, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले की तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि निधी नाही ही सबब राज्याला चालणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मातृत्वसेवा नाकारल्या गेलेल्या दोन गरीब कुटुंबांच्या बाजूने निकाल देताना याच हक्कावर बोट ठेवले आणि भरपाई द्यायला लावली. निकाल उत्तम आहेत. पण न्यायालयात एक-एक बाई पोचते, आणि बहुतेकदा मेल्यावर.

म्हणून व्यवस्थेत जे आधीच आहे तेच नीट वापरावे, असे मला वाटते. मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत देशात २०१० पासून आहे आणि २०१७ मध्ये ती सुधारली. मृत्यूची खबर चोवीस तासांत द्यायची, दवाखान्यात आणि गावात जाऊन माहिती गोळा करायची, जिल्हाधिकाऱ्यांनी आढावा घ्यायचा, त्या बैठकीला नातेवाइकांनाही बोलवायचे. कुणाला दोषी ठरवण्यासाठी ही चौकशी नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे. केरळमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून गोपनीय पद्धतीने प्रत्येक मृत्यूचा अभ्यास सुरू केला. डॉक्टरची आणि रुग्णालयाची ओळख उघड होणार नाही याची खात्री असल्यामुळे डॉक्टर खरे सांगू लागले आणि त्यातून उपचाराचे नियम बदलले.

आपल्याकडे ही गोपनीयता खालच्या माणसाला मिळत नाही, तो निलंबित होतोच. मिळते ती वरच्या फायलीला. हे उलटवता येईल. डॉक्टर-नर्सचे नाव, बाईचे नाव, गावाचे नाव झाकावे. पण त्या मृत्यूच्या वेळी कोणते पद किती दिवस रिक्त होते, कोणते औषध किती दिवस संपले होते, गाडी कुठे होती, निधी कुठे अडला होता, हा भाग जाहीर करावा. जिल्हावार, दर तिमाहीला. आणि प्रत्येक अशा नोंदीसमोर संबंधित विभागाच्या सचिवाचे लेखी उत्तर असावे. डॉक्टर मित्र यावर म्हणतील की जाहीर करायला लागलात तर लोक आणखी रेफर करतील, माहिती लपवतील. व्यक्तीला शिक्षा करण्यासाठी हे वापरले तर ते नक्कीच तसे करतील. पण रिक्त पद जाहीर झाल्याने तिथल्या कामाच्या ओझ्याखाली पिचलेल्या डॉक्टरचे नुकसान होत नाही. उलट जमावापुढे उभे राहताना त्याच्या हातात सांगायला काहीतरी असते.

दुसरी मागणी याहून साधी आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयाबाहेर, आणि आशाताईच्या मोबाइलवर, रोज एवढे कळावे: आज रात्री इथे सिझेरियन होईल का, रक्त आहे का, नसेल तर जवळचे कुठे आहे. सरकारी नियमांत प्रथम संदर्भ सेवा केंद्र म्हणजे चोवीस तास तातडीची प्रसूतिसेवा, नवजात बाळाची काळजी आणि रक्तसाठा असलेले रुग्णालय. फलक लावलेली किती केंद्रे या व्याख्येत आज रात्री बसतात, हे जिल्हा शल्यचिकित्सकाला माहीत असते. बाईला घेऊन निघालेल्या घरच्यांना का माहीत असू नये? तीन रुग्णालये फिरण्यात जो वेळ जातो तोच वेळ तिच्याकडे नसतो.

देखरेखीचा एक प्रयोग महाराष्ट्राने केलेलाही आहे. २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली: गावकऱ्यांनी दवाखान्याला गुण द्यायचे, मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते मांडायचे. बाहेरून औषध आणायला लावल्याच्या चिठ्ठ्या तिथे टेबलावर आल्या, बंद उपकेंद्रे उघडली. तालुक्याला सुटणारे प्रश्न सुटले. पण पदभरती आणि खरेदी 'वरचा विषय' म्हणून वहीत लिहून घेतली जायची आणि तिथेच राहायची. हा प्रयोग सगळ्या महाराष्ट्राचा कधी झाला नाही. झाला असता तरी त्याला राज्य पातळीवरचे तितकेच बोचरे टोक हवेच होते: मंत्रालयात, सचिवांसमोर, वर्षातून दोनदा जनसुनवाई. ते टोक कधी जोडलेच गेले नाही.

विमा काढून दिला आहे, आता सरकारी रुग्णालयांचे एवढे काय, असेही ऐकू येते. यावर फार लिहीत नाही. विमा कार्डाने बिल भरते. धडगावात रात्री भूलतज्ज्ञ त्याने येत नाही, कारण तिथे खासगीही कुणी नाही. सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण सुमारे १४ टक्के आणि खासगीत ४७ टक्के, हे देशाचे आकडे पाहिले तर एकीकडे गरज असून होत नाही आणि दुसरीकडे गरज नसून होते, अशी शंका येते. बाळंतपण बाजारावर सोडले की हेच होणार.

विधिमंडळात मातामृत्यूवर तारांकित प्रश्न येतात. त्यांचा साचा ठरलेला: अमुक रुग्णालयात अमुक महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले, दोषींवर कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तरेही ठरलेली: अंशतः खरे आहे, चौकशी सुरू आहे, प्रश्न उद्भवत नाही. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा साचा बदलून पाहावा. सदर रुग्णालयातील भूलतज्ज्ञाचे पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. ते भरण्याचा प्रस्ताव शासनास कोणत्या तारखेस प्राप्त झाला. तो कोणकोणत्या अधिकाऱ्यांकडे किती दिवस प्रलंबित होता. आणि त्या कालावधीत त्या रुग्णालयातून किती गरोदर महिलांना अन्यत्र पाठविण्यात आले. या प्रश्नाला 'उद्भवत नाही' असे उत्तर देता येत नाही.